फ्लॉपीत अडकलेली मराठी

आजीचे तांब्या-पितळेचे हंडे आपण जपतो. जुना संगणक मात्र थेट भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो. माझ्या वसईच्या घरातला एक लॅपटॉप त्यातून बचावला आहे. त्यावर १९९५ साली आलेली ‘विंडोज ९५’ अजून चालते. मायक्रोसॉफ्टने तिची देखभाल २००१ सालीच थांबवली. बॅटरीने राम म्हटला आहे. वायर लावली की यंत्र जागे होते.

ही नुसती हौस नव्हे. वडिलांनी आमच्या वाडीच्या, राजेळी केळ्यांच्या आणि सुकेळीच्या आठवणी त्यावर लिहिल्या. नव्या संगणकावर त्या उघडल्या, तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तेव्हा प्रत्येक फॉण्टवाला इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या क्रमाने मराठी अक्षरे बसवी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण विंडोजमध्ये तिला जागा मिळाली ती ‘विंडोज २०००’पासून. शिवाय काही मराठी सॉफ्टवेअर प्रिंटरच्या खाचेत ‘लॉक’ लावल्याशिवाय उघडत नसे. आजच्या लॅपटॉपला ना ती खाच, ना फ्लॉपीची फट.

मंडळाचे इतिवृत्त, शाळेची स्मरणिका, कुणाच्या कविता, १.४४ एमबीच्या फ्लॉप्यांत असे किती काही कपाटांत पडून असेल! आपल्या वसई-विरारच्या दमट हवेत फ्लॉपीला बुरशी लागते. म्हणून असे यंत्र विकण्याआधी मजकूर उतरवून घ्या. जुना फॉण्ट युनिकोडमध्ये बदलणारी सॉफ्टवेअर मिळतात. काना-वेलांट्या मात्र एकदा डोळ्यांखालून घाला. आणि एक प्रत छापून ठेवा. कागद वाचायला कुठलेच यंत्र लागत नाही.