पतमापन

पतमापन : कर्ज मागणारी व्यक्ती, संस्था अथवा कंपनी घेतलेले कर्ज ठरलेल्या मुदतीत व्याजासह परत करील किंवा कसे, याचा तिच्या पूर्वीच्या व्यवहारांवरून बांधलेला पद्धतशीर अंदाज. ‘पत’ या शब्दाने व्यवहारात विश्वास, प्रतिष्ठा व ऐपत असे तीन अर्थ सूचित होतात. पतमापनात यांपैकी फक्त एकाच गोष्टीचा विचार होतो, ती म्हणजे परतफेडीची नोंदलेली वागणूक. मनुष्य प्रामाणिक आहे किंवा काय, हे पतमापनाने कळत नाही. त्याच्याविषयी कोणत्या नोंदी कोणी ठेवल्या आहेत, एवढेच कळते. कर्जाचा अर्ज नाकारला गेल्यावर अर्जदाराची होणारी मानखंडना आणि त्यानंतरचा त्याचा गोंधळ, ही दोन्ही बहुधा हा भेद लक्षात न घेतल्यामुळे होतात.

पतमापनाचे दोन प्रकार आहेत. कंपन्यांचे कर्जरोखे, ठेवयोजना इत्यादींना अक्षरांच्या साहाय्याने श्रेणी देण्याचे काम पतमापन संस्था करतात. भारतात अशी पहिली संस्था ‘क्रिसिल’ ही १९८७ मध्ये स्थापन झाली. त्यानंतर ‘इक्रा’ (१९९१) व ‘केअर’ (१९९३) या संस्था आल्या. दुसरा प्रकार सामान्य कर्जदाराचा. त्यात व्यक्तीला अक्षरी श्रेणी न देता तीन अंकी गुणांक दिला जातो. प्रस्तुत नोंदीत या दुसऱ्या प्रकाराचा, विशेषतः सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या संदर्भात, विचार केला आहे. सावकाराची वही, सहकारी सोसायटीचे पत्रक आणि पतमाहिती कंपनीचा गुणांक या पत ठरविण्याच्या तिन्ही पद्धती या जिल्ह्यांत एकीपाठोपाठ एक आल्या आणि आज तिन्हींच्या खुणा तेथे शेजारीशेजारी आढळतात.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकात कृष्णाकाठच्या कुणब्याची पत म्हणजे सावकाराच्या चोपडीतील त्याचे खाते होते. ही चोपडी सावकार लिही, तोच ती जपे आणि तोच वाचून दाखवी. ऋणकोपाशी स्वतःची अशी नोंद काहीच नसे. दिलेल्या रकमेची पावती मिळत नसल्याने फेडलेले कर्ज पुन्हा अंगावर येण्याचे प्रकार घडत. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा जुना दंडक होता. परंतु व्याज मुद्दलात मिळवून नवे खत करून घेतले की तो सहज चुकविता येई. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या दंग्यांत जमावाचा रोख प्रामुख्याने खते व रोखे यांवर होता, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. त्यांचे पडसाद सातारा जिल्ह्यातही उमटले. या दंग्यांच्या चौकशीनंतर संमत झालेला दख्खनच्या शेतकऱ्यांना साहाय्य देणारा १८७९ चा अधिनियम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातील वाळवा, तासगाव, खानापूर हे भाग आज सांगली जिल्ह्यात आहेत. सांगली, मिरज व जत येथे मात्र संस्थानी अंमल होता आणि आटपाडी औंध संस्थानात मोडत असे.

या अधिनियमाने न्यायालयाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहाराचा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. त्याचबरोबर शेतकऱ्याला पावती, हिशेबाचा उतारा व पासबुक मिळण्याची तरतूद केली. आपल्या खात्यात काय लिहिले आहे हे पाहण्याचा ऋणकोचा हक्क या प्रदेशात कायद्याने प्रथम मान्य झाला तो येथे. याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. वसुली अवघड झाल्यामुळे अनेक सावकारांनी हात आखडता घेतला. कित्येकांनी गहाणखताऐवजी जमिनीचे खरेदीखतच मागण्यास प्रारंभ केला. धनकोवर बंधने घातली म्हणजे ऋणकोला कर्ज मिळतेच असे नाही, हा अनुभव त्यानंतरही अनेकदा आला आहे.

सहकारी पतपद्धती : १९०४ च्या सहकारी पतसंस्था अधिनियमाने गावातील परस्परांच्या ओळखीला पतीचे अधिष्ठान दिले. तरीही अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत (१९५१–५२) शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३·१ टक्के, तर शेतकरी-सावकार व व्यावसायिक सावकार यांचा मिळून सुमारे ७० टक्के आढळला. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील ज्या समितीने ही पाहणी केली, तिचे धनंजयराव गाडगीळ हे एक सदस्य होते. जमिनीच्या किमतीऐवजी उभ्या पिकाच्या गरजेवर कर्ज ठरवावे, हे पीककर्जाचे तत्त्व या पाहणीनंतर सर्वत्र रुजले.

पीककर्जात सातबारा व आठ-अ या उताऱ्यांवरून क्षेत्र पाहिले जाते, पीकवार प्रतिएकरी दराने कर्जमर्यादा पत्रक तयार होते, सभासद इकरार करून देतो आणि जमिनीवर संस्थेचा बोजा चढतो. कराड, वाळवा, पलूस या कृष्णाकाठच्या पट्ट्यात या पद्धतीला साखर कारखान्यांची जोड मिळाली. सभासदाचा ऊस कारखान्यात जातो आणि ऊसबिलातून विकास सोसायटीचे येणे परस्पर कापून घेतले जाते. येथे शेतकऱ्याची पत जवळजवळ उसाच्या टनाइतकीच भरवशाची ठरली. माण, खटाव, जत, आटपाडी या अवर्षणप्रवण तालुक्यांत वसुलीचा असा हमखास मार्ग नव्हता. तेथील मेंढपाळ, मोलमजूर किंवा सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेला गलाई कारागीर या चौकटीत बसत नसे. एकाच जिल्ह्यातील दोन सारख्याच प्रामाणिक माणसांची पत अशी पाटाच्या पाण्याने वेगवेगळी ठरली, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होणार नाही.

गुणांकाची पद्धती : बँकांनी परस्परांना कर्जदारांची माहिती पुरविण्यासाठी ‘सिबिल’ ही कंपनी २००० मध्ये स्थापन झाली. पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५ हा डिसेंबर २००६ पासून अंमलात आला. या अधिनियमाखाली भारतात चार कंपन्या काम करतात : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन व सीआरआयएफ हायमार्क. पहिल्या कंपनीचे नाव लोकांच्या तोंडी इतके बसले आहे, की ग्रामीण भागात ‘सिबिल’ हा शब्द गुणांकाला पर्याय म्हणूनच वापरला जातो. ‘सिबिल खराब होणे’ हा वाक्प्रयोगही रूढ झाला आहे.

गुणांक साधारणपणे ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो. हप्ते वेळेवर भरले किंवा नाही, ही त्यातील सर्वांत वजनदार बाब होय. त्याखेरीज मंजूर मर्यादेपैकी किती रक्कम वापरली, तारणी व बिनतारणी कर्जांचे प्रमाण, खाते किती जुने आहे आणि अल्पावधीत किती ठिकाणी अर्ज केले, यांचा विचार होतो. एका बँकेने अर्ज नाकारताच घाईने चार बँकांकडे अर्ज करणाऱ्याचा गुणांक त्या चौकश्यांमुळेच आणखी घसरतो. अर्जदाराने स्वतः आपला अहवाल पाहिल्यास मात्र गुणांकावर परिणाम होत नाही. ७५० च्या वरचा गुणांक चांगला मानण्याचा प्रघात आहे. परंतु तो प्रघातच आहे, कायद्याची अट नव्हे. कर्ज द्यावयाचे किंवा नाही हे बँक ठरविते, पतमाहिती कंपनी नव्हे.

या पद्धतीत एक उणीव आहे आणि तिचा फटका याच जिल्ह्यांना विशेष बसतो. २००५ च्या अधिनियमातील माहिती पुरविणाऱ्या संस्थांच्या व्याख्येत सहकारी बँकांचा उल्लेख आहे. गावच्या प्राथमिक विकास सोसायट्या आणि निबंधकांच्या नियंत्रणाखालील बिगरकृषी पतसंस्था यांचा नाही. वीस वर्षे सोसायटीचे कर्ज ३१ मार्चपूर्वी फेडणारा सभासद ट्रॅक्टरसाठी व्यापारी बँकेत गेला, तर त्याच्या नावापुढे गुणांकाऐवजी पतइतिहास नसल्याची खूण उमटण्याचा संभव असतो. सांगलीच्या बाजारपेठेत हळदीच्या अडत्याकडून उचल घेऊन ती हंगामात चुकती करणाऱ्याचीही गत तीच. उलट, दुचाकीच्या कर्जाचे दोन हप्ते चुकलेला तरुण त्या अहवालात ठळकपणे दिसतो. पहिला अनोळखी आहे, दुसरा थकबाकीदार. या दोन गोष्टी भिन्न आहेत, पण खिडकीपाशी दोघांनाही एकच उत्तर मिळते.

प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पतइतिहास नाही या कारणावरून फेटाळू नये, असा निर्देश रिझर्व्ह बँकेच्या ६ जानेवारी २०२५ च्या आदेशपत्रात आहे. पीककर्जासाठी गुणांकाची अडवणूक करू नये, अशी ताकीद महाराष्ट्र शासनानेही बँकांना वेळोवेळी दिली आहे. तरीही शाखेच्या पातळीवर अंमलबजावणी सारखी नाही. याला बँकांची सावधगिरीही कारणीभूत आहे : २००८, २०१७ व २०१९ मधील कर्जमाफींनी खाती मिटली, परंतु पुढच्या माफीच्या अपेक्षेने परतफेड लांबविण्याची वृत्तीही काही प्रमाणात वाढली.

अर्ज नाकारला गेल्यास : नकाराची कारणे गुणांकापुरती मर्यादित नसतात. मृत वडिलांचे नाव सातबाऱ्यावर तसेच राहिलेले असणे, सामाईक क्षेत्रातील भावाची संमती नसणे, फिटलेल्या कर्जाचा बोजा कमी न केलेला असणे, ही कारणे या भागात नेहमी आढळतात आणि त्यांचा उपाय बँकेत नसून तलाठ्याकडे असतो. दुसऱ्यासाठी जामीन राहणे हेही मोठे कारण होय. भिडेखातर केलेली जामीनकीची सही पतअहवालात नोंदली जाते आणि मूळ कर्जदार थकला की जामीनदाराचाही मार्ग अडतो. थकीत रकमेत सूट घेऊन तडजोडीने बंद केलेले खाते पूर्णफेड समजले जात नाही, हे अनेकांना नवे कर्ज मागताना प्रथमच कळते. ही माहिती पतमाहिती कंपन्यांनी किमान ७ वर्षे जतन करावयाची असते.

म्हणून पहिले पाऊल म्हणजे कारण लेखी मागणे. कर्जाची रक्कम कितीही असली तरी नकाराची मुख्य कारणे अर्जदारास लेखी कळवावीत, असा दंडक रिझर्व्ह बँकेने २००७ मध्ये बँकांना घालून दिला. बँकेने मागविलेल्या पतअहवालाची प्रत मागण्याचा हक्क २००५ च्या अधिनियमाच्या कलम २१ ने अर्जदारास दिला आहे. याखेरीज १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चारही कंपन्यांचे अहवाल एकसारखे असतीलच असे नाही. ते निरनिराळे पाहणे इष्ट.

अहवालात चूक आढळल्यास, उदा., नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर चढलेले असणे किंवा फिटलेले खाते चालू दिसणे, बेबाकी दाखला जोडून बँकेकडे अथवा पतमाहिती कंपनीकडे दुरुस्तीचा अर्ज करावा. तीस दिवसांत निकाल न लागल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून अंमलात आला. बँकांनी माहिती निदान दर पंधरवड्यास अद्ययावत करावी, असा नियम २०२५ च्या आरंभी लागू झाला. त्यामुळे केलेली दुरुस्ती पूर्वीपेक्षा लवकर दिसते. दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पतमाहिती कंपन्या १ सप्टेंबर २०२२ पासून त्याच्या कक्षेत आल्या. विकास सोसायटीने सभासदत्वच नाकारल्यास मार्ग वेगळा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे पात्र व्यक्तीस पुरेशा कारणाविना सभासदत्व नाकारता येत नाही आणि निबंधकाकडे अपील करता येते.

नोंद बरोबर असेल आणि थकबाकी खरी असेल, तर मात्र ती फेडण्यावाचून उपाय नाही. पैसे घेऊन गुणांक ‘साफ’ करून देणारे मध्यस्थ तालुक्याच्या गावीही भेटतात. खरी नोंद पुसण्याचा अधिकार त्यांच्यापैकी कोणालाही नाही. इतिहासच नसलेल्याने मुदतठेवीच्या किंवा सोन्याच्या तारणावर सहकारी अथवा व्यापारी बँकेतून लहान कर्ज घेऊन ते नियमित फेडणे, हा नोंद निर्माण करण्याचा साधा मार्ग होय.

नकाराला उत्तर देण्याचे एक लक्षणीय उदाहरण माण तालुक्यातील म्हसवड येथे घडले. लोहारकाम करून पोट भरणाऱ्या एका स्त्रीची किरकोळ बचत स्वीकारण्यास बँका तयार नव्हत्या. तेव्हा चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने तेथील स्त्रियांनी स्वतःचीच बँक काढण्याचे ठरविले. प्रवर्तक सभासद अंगठा उठविणाऱ्या आहेत, या कारणावरून रिझर्व्ह बँकेने परवान्याचा पहिला अर्ज नाकारला. या स्त्रियांनी नकाराचे कारण नेमके समजून घेतले, साक्षरतेचे वर्ग चालविले आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या. आम्हांला लिहिता येत नसले तरी हिशेब येतो, कोणत्याही मुद्दलाचे व्याज विचारा आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राविना ते काढावयास सांगा, असे आव्हान त्यांनी दिले. परवाना मिळून १९९७ मध्ये माण देशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आठवडे बाजारात भाजी विकणाऱ्या आणि शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या ज्या स्त्रियांचे नाव तोवर कोणत्याही खात्यात नव्हते, त्यांच्या दारी जाऊन बचत व हप्ते गोळा करण्याची पद्धत या बँकेने ठेवली. सहकारी बँक असल्याने तिच्या कर्जदारांची परतफेड २००५ च्या अधिनियमाच्या कक्षेत येते.