सिरिलिक लिपी सिरिलची नाही, तरीही त्याचीच

१४ फेब्रुवारी म्हटलं की कॉलेजात गुलाबांचा विषय निघतो. आपल्या कॅथलिक पंचांगात मात्र तो संत सिरिल आणि संत मेथोडियस या सख्ख्या भावांचा सण आहे. स्लाव्ह भाषांना लिहितं केलं ते यांनी.

दोघे ग्रीक शहर थेस्सलोनिकाचे. आसपास स्लाव्ह लोकांची वस्ती, त्यामुळे त्यांची बोलीही दोघांना येत होती. मोराव्हियाचा, म्हणजे आजच्या चेक-स्लोव्हाक भागाचा, राजा रास्तिस्लाव्ह याने बायझंटाइन सम्राटाकडे मागणी केली, की आमच्या लोकांना त्यांच्याच भाषेत धर्म समजावून सांगणारी माणसं पाठवा. इ.स. ८६३च्या सुमारास हे भाऊ तिकडे पोचले.

पण शुभवर्तमान लिहायचं कशात? ग्रीक लिपीत श, च अशा ध्वनींना अक्षरंच नाहीत. रोमन लिपीत 'ळ' लिहिताना आपली जी अडचण होते, तशीच ही. म्हणून सिरिलने स्लाव्ह ध्वनी ऐकून नवी, वेटोळ्या-वेटोळ्यांची लिपी घडवली. तिला ग्लागोलिटिक म्हणतात.

खरं भांडण पुढे झालं. व्हेनिसमध्ये काही धर्मगुरूंनी आक्षेप घेतला: क्रुसावरची पाटी हिब्रू, ग्रीक आणि लातिन भाषेत होती, तेव्हा देवाची स्तुतीही याच तीन भाषांत व्हावी. सिरिलच्या उत्तराचा आशय असा, की पाऊस आणि ऊन देव सगळ्यांना सारखंच देतो, मग तीनच भाषा मानून बाकीच्यांना मुकं का ठेवायचं? मला हा सगळ्या गोष्टीचा गाभा वाटतो. इथे प्रश्न अक्षरांचा नव्हता, सामान्य माणसाला देवाशी थेट बोलता येईल की नाही याचा होता.

पोप एड्रियन दुसरे यांनी स्लाव्ह ग्रंथांना आशीर्वाद दिला. ८६९ मध्ये सिरिल रोममध्येच वारला. मेथोडियस आर्चबिशप झाला, पण बव्हेरियाच्या बिशपांनी त्याला अडीचेक वर्षं कैदेत टाकलं. ८८५ मध्ये तोही गेला आणि त्यांच्या शिष्यांना मोराव्हियातून हाकलण्यात आलं. काम तिथेच संपायचं! पण बल्गेरियाचा राजा बोरिस याने शिष्यांना आसरा दिला. तिथे ग्रीक अक्षरं घेऊन, कमी पडणाऱ्या ध्वनींसाठी नवी अक्षरं जोडून, सोपी लिपी तयार झाली. तीच सिरिलिक. आज रशियन, बल्गेरियन, युक्रेनियन तिच्यातच लिहिली जाते. म्हणजे सिरिलची स्वतःची लिपी मागे पडली आणि नाव मिळालं ते पुढच्या पिढीच्या लिपीला.

आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं रोमन अक्षरांत. भाषा लोकांची, लिपी बाहेरची. आणि मिस्सा मराठीत यायला तर दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२–६५) उजाडावी लागली. सिरिलच्या व्हेनिसमधल्या वादानंतर जवळजवळ अकराशे वर्षं! आज मराठीत प्रार्थना म्हणणं आपल्याला इतकं साधं वाटतं. पण त्या साधेपणासाठी कुणीतरी आधी भांडलेलं असतं, आणि कधी कधी तुरुंगातही गेलेलं असतं.