पेसमेकरचा दुसरा जन्म

हृदय हा शरीराचा पंप. त्याला ताल देणारी विजेची यंत्रणा हृदयातच असते. वयोमानाने किंवा आजारामुळे ती बिघडली की ठोके मिनिटाला तीस-चाळीसवर येतात, चक्कर येते, माणूस उभ्या उभ्या कोसळतो. अशा रुग्णाच्या छातीत, कातडीखाली पेसमेकर बसवतात. स्वीडनमध्ये १९५८ साली आर्ने लार्सन या रुग्णाला पहिला पेसमेकर बसवला गेला, तो काही तासांतच बंद पडला. पुढे यंत्रे बदलत बदलत हा गृहस्थ २००१ पर्यंत, म्हणजे वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगला. आयुष्यभरात त्याला वीसहून अधिक यंत्रे लागली.

रचनेतच मेख

पेसमेकरचा सेल घड्याळातल्या सेलसारखा बदलता येत नाही. शरीरातील द्रव आत शिरू नये म्हणून टायटॅनियमची डबी कायमची बंद केलेली असते. त्यामुळे साधारण आठ-दहा वर्षांनी बॅटरी संपली की पूर्ण डबीच बदलावी लागते. वायर चांगली असेल तर तीच ठेवतात. याउलट, यंत्र बसवल्यावर वर्ष-दोन वर्षांत रुग्ण दगावला, तर बरीच बॅटरी शिल्लक असलेले यंत्र वाया जाते. वस्तू वापरून फेकण्याऐवजी ती पुन्हा वापरात कशी येईल, याचा विचार ती घडवतानाच व्हावा, या मताला आता चक्राकार अर्थव्यवस्था म्हणतात. पेसमेकरच्या बाबतीत हा प्रश्न जीवनमरणाचा आहे, कारण नव्या यंत्राची किंमत अनेक गरीब रुग्णांच्या आवाक्याबाहेर असते.

अनुभव काय सांगतो?

अमेरिकेत मृतांच्या नातेवाइकांनी दिलेले पेसमेकर निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांना बसवले गेले. त्याचा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२० मध्ये कॅनडातील डॉक्टरांनी मोठा अभ्यास मांडला. जुनी यंत्रे बसवलेल्या १,०५१ रुग्णांपैकी दोन वर्षांत २ टक्क्यांना जंतुसंसर्ग झाला, तर नवी यंत्रे बसवलेल्या ३,१५३ रुग्णांत हे प्रमाण १.२ टक्के होते. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठोस ठरला नाही.

मात्र हे काम येरागबाळ्याचे नव्हे. यंत्राची बॅटरी तपासावी लागते, डबीला इजा नाही हे पाहावे लागते, आधीच्या रुग्णाची माहिती पुसावी लागते आणि इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुकीकरण करावे लागते. ज्याला ते बसवायचे त्यालाही हे आधी सांगून त्याची संमती घ्यायला हवी.

सगळेच पुन्हा वापरू नये

यावरून कोणी सुई-सिरिंजही पुन्हा वापरू पाहील, तर ते सर्वथा चूक. गुजरातमधील मोडासा येथे २००९ मध्ये वापरलेल्या सिरिंजमधून ‘ब’ प्रकारची कावीळ पसरली आणि अनेकांचे प्राण गेले. एकदाच वापरायची सुई एकदाच वापरावी.

घरच्यांनी काय करावे?

१. पेसमेकरचे ओळखपत्र घरात सापडेल अशा जागी ठेवावे.

२. रुग्णाच्या मृत्यूनंतर दहनापूर्वी डॉक्टरांना यंत्राची कल्पना द्यावी. आगीच्या उष्णतेने बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. विद्युतदाहिनीत तर कर्मचाऱ्यांनाही धोका असतो.

३. यंत्र डॉक्टरांकडूनच काढून घ्यावे. लहानसा छेद देऊन ते निघते, देहाची विटंबना होत नाही. झटका देणारे यंत्र (डिफिब्रिलेटर) असेल तर ते आधी बंद करणे आवश्यक असते.

४. यंत्र दान करायचे असल्यास हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. सर्वच रुग्णालये ते स्वीकारत नाहीत.

नेत्रदानाचा विचार आता अनेक घरांत होतो. छातीत यंत्र असलेल्या माणसाने जिवंतपणीच आपली इच्छा घरच्यांच्या कानावर घालून ठेवली, तर ऐन दुःखाच्या वेळी त्यांची ओढाताण होणार नाही.