येते की येत नाही?

गुलमंडीच्या बोळांत एखाद्या शिंप्याच्या हाताखाली नवे पोर आले की उस्ताद त्याला आधी काजे करायला बसवतो. काज नीट उतरले की तुरपाई, तुरपाई जमली की यंत्रावरची सरळ शिलाई. कापडाला कात्री लावण्याचा मान सगळ्यांत शेवटी. किती महिने झाले हे कोणी विचारत नाही. प्रश्न एकच : येते की येत नाही? आता वाचकहो, अशी कल्पना करा की त्या दुकानात आमच्या परीक्षांचा नियम लागू झाला. दहांपैकी साडेतीन काजे बरी निघाली की पोर पास! असा सदरा दिवाळीत अंगावर घालण्याची आपली तयारी आहे काय?

शाळेतला संगणक मात्र आपण बराचसा याच नियमाने शिकवत आलो. संगणकाचे भाग सांगा, व्याख्या लिहा, रिकाम्या जागा भरा. पस्तीस गुण मिळाले की विद्या पदरात पडली!

आमच्या ओळखीची एक मुलगी. गुणपत्रिका पाहाल तर संगणकात उत्तम गुण. बारावीनंतर ती एका दुकानात हिशेबाच्या कामासाठी गेली. मालकांनी गोडीने सांगितले, "बेटा, एवढा अर्ज मराठीत टाइप करून दे." पोरगी एका बोटाने अक्षरे शोधत बसली. "सर, शाळेत आम्ही चौघी एका संगणकापुढे बसायचो. माऊस माझ्या हातात फारसा यायचाच नाही," ती मला म्हणाली. गुण खरे होते आणि मुलगीही हुशार होती. तिला काय करता येते, हे कोणी पाहिलेच नव्हते.

आपल्याकडे हा विचार कोणाला सुचलाच नाही, असे मात्र नाही. शाळांत संगणक नेण्याची केंद्र सरकारची पहिली योजना 1984 सालची. पुढे 1988 च्या सुमारास महाराष्ट्रात अकरावी-बारावीसाठी जे व्यवसाय अभ्यासक्रम निघाले, त्यांचे नावच मुळी 'किमान कौशल्यावर आधारित'. घरोघरी ते एमसीव्हीसी म्हणून ठाऊक आहेत. 1993 मध्ये भोपाळला व्यवसायशिक्षणाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि 27 डिसेंबर 2013 रोजी राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर झाला. त्या आराखड्यानुसार नववीपासून माहिती-तंत्रज्ञान हा विषय घेता येतो. त्यात मजकूर तयार करणे, कोष्टके मांडणे, माहिती अचूक भरणे अशी कामे असतात. शिवाय बोलणेचालणे आणि स्वतःला शिस्त लावणे हेही शिकवले जाते. प्रत्येक पायरीवर विद्यार्थ्याने काय करून दाखवायचे, हे आधीच लिहिलेले असते. ज्याला आज जमले नाही त्याने पुन्हा सराव करावा आणि पुन्हा दाखवावे. इथे नापास हा शेरा नसून 'अजून नाही' हा शेरा आहे.

ही कल्पना मध्यमवर्गाला परकी वाटू नये. जुन्या टंकलेखन संस्था दुसरे काय करीत? मिनिटाला तीस शब्द, मग चाळीस. चुका मोजायच्या आणि वजा करायच्या. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद आज संगणकावर जी टंकलेखन परीक्षा घेते, तिचे मापही तेच आहे. कितीतरी घरांची पहिली नोकरी त्या तीस-चाळीस शब्दांवर उभी राहिली.

मराठीचा मास्तर म्हणून मला यात आणखी एक आनंद दिसतो. 'इन्स्क्रिप्ट' या कळपाटावर बहुतेक स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. 'क'च्याच कळीवर 'ख', 'ग'च्याच कळीवर 'घ'. 'स्त्री' लिहायचे तर स, हलन्त, त, हलन्त, र आणि मग दीर्घ वेलांटी. जुन्या यंत्रावर 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी उमटवावी लागे, कारण डोळ्याला ती आधी दिसते. इथे आधी 'क' आणि मग वेलांटी, कारण कानाला ते तसे ऐकू येते. म्हणजे बोटे शिकतात आणि वर्णमालेचे व्याकरणही पक्के होते. वर सांगितलेली मुलगी रोज तासभर बसून हे काही आठवड्यांत शिकली. आता त्या दुकानाची सारी मराठी पत्रे तिच्या हातची असतात.

कोणी म्हणेल, असे तुकडे पाडून शिकवले तर पोर कारकून होईल, विचार कुठून करील? शंका रास्त आहे. 'येते' या रकान्यात खूण करून मोकळे होणे हीदेखील एक घोकंपट्टीच. शिवाय आजची आज्ञावली उद्या बदलते. म्हणून कोणते बटण दाबावे याबरोबरच ते का दाबावे, हेही शिकवायला हवे. आणि त्यासाठी प्रत्येक मुलाच्या हाती संगणक, न जाणारी वीज आणि स्वतः कामात मुरलेला शिक्षक, या तीन गोष्टी हव्यात. त्या नसतील, तर आराखडा कागदावरच राहतो.

चौथी अडचण मात्र आपल्या घरातली आहे. "व्यवसायाचे विषय कच्च्या मुलांसाठी; आमचा बंडू सायन्सला जाणार," हे वाक्य आपण किती सहज बोलतो! 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना कारागिरांजवळ बसवण्याचे सुचवले आहे. त्यात कच्ची-पक्की अशी निवड नाही. हाताने काम करणे ही दुय्यम बुद्धी आहे, हा समज गेल्याशिवाय कोणतेही धोरण रुजायचे नाही.

तेव्हा या दिवाळीत मुलांना गुण विचारू नका. फराळाच्या खर्चाचा तक्ता संगणकावर मांडायला सांगा. मग तुपाचा भाव बदला आणि बेरीज आपोआप बदलते का ते पाहा. बदलली तर पाठ थोपटा. नाही बदलली, तर रागावू नका. 'अजून नाही' एवढेच म्हणा, आणि शेजारी बसा.