खुर्चीवरची आसने : आकार बदला, काम तेच ठेवा

शाळेत योगासनांचा तास सुरू झाला, की बऱ्याच ठिकाणी एक दृश्य दिसते. सारा वर्ग सतरंज्यांवर बसतो आणि पायात कॅलिपर असलेला, चाकाच्या खुर्चीतून येणारा किंवा चटकन धाप लागणारा एखादा विद्यार्थी कडेला बसून हजेरी लिहितो. २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन शाळांतून साजरा होऊ लागला. त्या दिवशी हे दृश्य सर्वांसमोर येते. यामागे कोणाचा वाईट हेतू नसतो. ‘ज्याला जमिनीवर बसता येत नाही, त्याला आसने कशी येणार?’ एवढाच साधा विचार असतो. हा विचार शरीरशास्त्राच्या आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीने कितपत खरा आहे, ते आपण पाहू या.

आसनाचे काम कोणते?

पतंजलींनी आसनाचे लक्षण सांगताना स्थैर्य आणि सुख या दोनच गोष्टींचा उल्लेख केला. जमिनीवरच बसले पाहिजे, अमुक अंशांत वाकले पाहिजे, अशी अट त्यांनी घातली नाही. आजच्या भाषेत सांगायचे, तर प्रत्येक आसन काही ठरावीक कामे करते. एखादा सांधा त्याच्या पूर्ण कक्षेत फिरवणे, एखादा स्नायू ताणणे, दुसरा आकुंचित ठेवणे, तोल सांभाळण्याचा सराव देणे, श्वासाला जागा करून देणे, ही ती कामे होत. पुस्तकातील छायाचित्रात दिसतो तो आसनाचा आकार. हे काम तेच ठेवून आकार बदलता येतो का, हा खरा प्रश्न आहे.

उदाहरण म्हणून पश्चिमोत्तानासन घेऊ. कमरेच्या खुब्यातून पुढे वाकून शरीराची मागची बाजू ताणणे हे त्याचे काम. पण अनेकांची पाठच गोल होते आणि खुबा जागचा हलत नाही. याचे कारण मांडीच्या मागच्या स्नायूंत आहे. हे स्नायू बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जोडलेले असतात, म्हणजे ते एकाच वेळी दोन सांध्यांवरून जातात. गुडघा सरळ झाला की ते ताणले जातात आणि ओटीपोटाच्या हाडांचा सांगाडा मागे ओढतात.

हे वर्गात करून पाहता येते. खुर्चीच्या पुढच्या भागावर पाठ ताठ ठेवून बसा आणि एक गुडघा हळूहळू सरळ करा. पाय वर येऊ लागताच कंबर मागे ढकलली जाते. गुडघा पुन्हा वाकवा, कंबर मोकळी होते. खुर्चीवर दोन्ही गुडघे आपोआप वाकलेले असतात. म्हणून तेथे पाठ सरळ ठेवून खुब्यातून पुढे वाकणे सोपे जाते. पायांचा ताण हवा असेल, तर एकेक पाय पुढे सरळ करून तो वेगळा देता येतो. एक अवघड काम दोन सोप्या कामांत विभागले गेले, एवढेच येथे घडले.

पुण्यातील खुर्ची

या विचाराची मोठी प्रयोगशाळा आपल्या महाराष्ट्रातच होती. बी. के. एस. अय्यंगार (१९१८-२०१४) लहानपणी सतत आजारी असत. १९३७ मध्ये ते योग शिकवण्यासाठी पुण्यात आले आणि तेथेच स्थायिक झाले. आजारी, वृद्ध आणि ताठर शरीराच्या माणसांना शिकवताना त्यांनी लाकडी ठोकळे, पट्टे, दोर, लोड आणि घड्या घातलेली कांबळी यांचा पद्धतशीर वापर सुरू केला. घडीच्या लोखंडी खुर्चीची पाठ काढून टाकून त्यांनी तिचेही साधन बनवले. पुण्यात १९७५ साली सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेत अशा खुर्च्यांवर पिळाची आणि मागे वाकण्याची आसने करवून घेतली जातात.

अमेरिकेतील मॅथ्यू सॅनफर्ड यांचे उदाहरण याच परंपरेतले. १९७८ साली वयाच्या १३ व्या वर्षी मोटार अपघातात त्यांचे छातीखालचे शरीर लुळे पडले. पुढे ते अय्यंगार पद्धतीने योग शिकले आणि स्वतः शिक्षक झाले. चाकाची खुर्ची वापरणारा माणूस योगाचा केवळ लाभार्थीच असतो असे नाही, तो तो शिकवूही शकतो, हे त्यांच्या कामातून दिसते.

तरफेचा हिशेब

खुर्चीवर बसून हात बाजूला पसरणे हा व्यायाम फारच सोपा वाटतो. पण ज्याचे खांदे दुर्बल आहेत, त्याच्या दृष्टीने हिशेब मांडून पाहू. ५० किलो वजनाच्या माणसाच्या एका हाताचे वजन सुमारे अडीच किलो असते. हात आडवा पसरला की त्याचा गुरुत्वमध्य खांद्याच्या सांध्यापासून सुमारे ३० सेंटिमीटर दूर जातो. हात उचलून धरणाऱ्या स्नायूचे बल मात्र सांध्यापासून अवघ्या ३ सेंटिमीटरच्या आसपास कार्य करते. तरफेच्या नियमानुसार त्या स्नायूला अडीच किलोच्या दहापट, म्हणजे २५ किलो वजनाएवढा जोर लावावा लागतो.

आता कोपर दुमडून बोटे खांद्यावर ठेवा. गुरुत्वमध्य निम्म्याहून जवळ येतो आणि लागणारा जोरही तितकाच घटतो. सांध्याची हालचाल तीच राहिली, भार तेवढा कमी झाला. हे आकडे ढोबळ आहेत, पण शिक्षकाला त्यांतून उपयोगाचा नियम मिळतो : अवघड वाटले, तर तरफेची भुजा आखूड करा. कोपर दुमडा, गुडघा वाकवा किंवा हात टेबलावर टेकवा.

दुसरा हिशेब तोलाचा. वृक्षासनात एका पावलाएवढ्या जागेवर सारे शरीर तोलावे लागते. खुर्चीवर बसल्यावर खुर्चीचे चार पाय आणि आपली दोन पावले मिळून आधाराचे क्षेत्र कितीतरी मोठे होते, गुरुत्वमध्यही खाली येतो. म्हणून पडण्याची भीती कमी होते. भीती कमी झाली की स्नायू विनाकारण आखडत नाहीत. हलकी प्लॅस्टिकची खुर्ची मात्र गुळगुळीत फरशीवर घसरते, किंवा बाजूला फार झुकल्यास कलंडते. ती भिंतीला टेकवून ठेवावी.

आणखी एक प्रयोग विद्यार्थ्यांना आवडतो. पाठ टेकून, पावले गुडघ्यांच्या बरोबर खाली ठेवून बसा. आता पुढे न झुकता आणि पाय मागे न घेता उठून पाहा. कोणालाही उठता येत नाही, कारण गुरुत्वमध्यातून जाणारी रेषा पावलांच्या मागे, बैठकीवर पडते. उठण्यासाठी आधी पुढे झुकावेच लागते. म्हणजे खुर्चीवर पुढे वाकण्याचा सराव हा उठण्याच्या क्रियेचा पूर्वार्ध आहे. शौचालयातून किंवा बसच्या बाकावरून स्वतःचे स्वतः उठता येणे ही वृद्धांच्या आणि अनेक अपंग व्यक्तींच्या आयुष्यात लहान गोष्ट नव्हे.

पंधरा मिनिटांचा पाठ

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा पाठ सगळ्या वर्गाने एकत्र करावा. एकट्यालाच खुर्ची दिली, तर कडेला बसवण्याचाच तो दुसरा प्रकार होतो. पुरेशा खुर्च्या नसतील, तर बाकावर तोंड मोकळ्या वाटेकडे करून बसता येते, किंवा ओसरीचा कट्टा वापरता येतो. पावले जमिनीला पुरत नसतील, तर खाली पाट किंवा विटा ठेवाव्यात. चाकाच्या खुर्चीचे ब्रेक आधी लावून घ्यावेत.

१. ताठ बसणे : बैठकीच्या पुढच्या भागावर, दोन्ही पावले टेकवून बसा. आधी पोक काढून आणि नंतर ताठ बसून एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते पाहा. पोक काढल्यावर पोट दबते आणि श्वासपटलाला खाली सरकायला जागा कमी मिळते, म्हणून बहुतेकांचा आकडा घटतो.

२. हात वर : श्वास घेत हात वर, सोडत खाली. जमेल तेवढेच, हवे तर कोपर दुमडून.

३. पाठीची कमान : हात मांड्यांवर ठेवा. श्वास घेताना छाती पुढे, सोडताना पाठ गोल. मार्जारासनाचे काम गुडघे न टेकता होते.

४. पीळ : खुर्चीवर आडवे बसून पाठीचा आधार दोन्ही हातांनी धरा आणि छाती सावकाश वळवा. हे भरद्वाजासनाचे रूप. हाताने ओढून पीळ वाढवू नये.

५. टाचा-चवडे : आळीपाळीने उचला. पोटरीचे स्नायू आकुंचन पावताना शिरांतील रक्त वर ढकलतात. ताटकळत बसल्याने पाय सुजतात, त्यांना याचा उपयोग होतो.

६. विश्रांती : समोरच्या टेबलावर हात आणि त्यावर कपाळ ठेवून दोन मिनिटे.

कोणासाठी कोणती काळजी?

सूचना देण्याची भाषा आधी तपासावी. ‘हात असा करा’ हे अंध मुलाला समजत नाही. ‘उजवा हात उजवीकडे, खांद्याच्या उंचीपर्यंत’ असे सांगावे. कर्णबधिर मुलांकडे शिक्षकाचे तोंड असले पाहिजे, आणि त्यांना डोळे मिटायला सांगितल्यावर सूचना पोहोचणार नाहीत हे ध्यानात ठेवावे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना एका वेळी एकच सूचना द्यावी आणि क्रम रोज तोच ठेवावा. विचारल्याशिवाय कोणाच्याही शरीराला हात लावून आसन सुधारू नये.

मेंदूच्या पक्षाघातात (सेरेब्रल पाल्सी) अनेकांचे स्नायू ताठर असतात. असा स्नायू झटक्याने ताणला, तर तो प्रतिक्षिप्त क्रियेने अधिकच आखडतो, सावकाश ताणला तर सैल पडू शकतो. मज्जारज्जूला इजा झालेल्यांना खालच्या भागात संवेदना नसते. कठीण कडेवर बराच वेळ बसल्यास जखम होते, आणि उन्हात तापलेली लोखंडी खुर्ची त्यांना भाजली तरी कळत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांत मानेचे पहिले दोन मणके सैल जोडलेले असतात, म्हणून मानेच्या हालचाली डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. अपस्मार असणाऱ्यांना भस्त्रिकेसारखा वेगवान श्वसनप्रकार देऊ नये. उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असल्यास डोके हृदयाच्या पातळीखाली नेऊ नये. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांनी पाठ गोल करून जोराने वाकणे टाळावे. ताण जाणवणे ठीक, पण तीव्र वेदना, मुंग्या किंवा चक्कर आली की थांबणे हा नियम सर्वांना सारखाच लागू.

फायदा किती, मर्यादा कोणत्या?

२०१७ साली अमेरिकेतील फ्लॉरिडा येथील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संधिवात असलेल्या १३१ वृद्धांचे दोन गट केले होते. एका गटाने आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, ४५ मिनिटे खुर्चीवरचा योग केला, तर दुसऱ्याला आरोग्यविषयक माहिती दिली. पहिल्या गटात दुखण्यामुळे रोजच्या कामांत येणारा अडथळा कमी झाला आणि ही सुधारणा तीन महिन्यांनंतरही टिकली. चालण्याचा वेग आणि थकवा यांतली सुधारणा मात्र वर्ग संपल्यावर टिकली नाही. सराव चालू ठेवणे का आवश्यक, हे यावरून कळते.

खुर्चीवरचा योग अपंगत्व ‘बरे’ करतो, असा दावा कोणी करू नये. हाडे बळकट राहण्यासाठी त्यांच्यावर शरीराचा भार पडणे आवश्यक असते. म्हणून ज्यांना उभे राहता येते, त्यांनी काही वेळ खुर्चीची पाठ धरून उभ्याने आसने करावीत.

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश होता, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. शिक्षणाबरोबर खेळ आणि करमणुकीतही या मुलांना इतरांच्या बरोबरीने संधी देणे या कायद्याने शाळांवर बंधनकारक केले आहे. त्यासाठी लागणारे साहित्य बहुतेक शाळांत आधीच आहे. पुढच्या तासाला प्रत्येक आसनाआधी विद्यार्थ्यांनाच विचारावे, ‘याचे काम कोणते, आणि तेच काम बसून कसे करता येईल?’ वरचे प्रयोग केलेला वर्ग याची उत्तरे स्वतः शोधू लागेल, आणि चाकाच्या खुर्चीतल्या विद्यार्थ्याला कदाचित सर्वांत आधी सुचतील.