खुंट भोपळ्याचा, फळ कलिंगडाचं

वाशीच्या फळबाजारात व्यापारी कलिंगडावर टिचकी मारून आवाज ऐकतो. मुळं कोणाची, हे मात्र टिचकीत कळत नाही. डॉगरिज जातीच्या मुळांवर, म्हणजे खुंटावर, द्राक्षाचं कलम नाशिककरांना नवं नाही. कलिंगडाचं कलम जपानमध्ये १९२०च्या दशकात सुरू झालं, ते जमिनीतल्या मर रोगापायी. खुंट भोपळ्याचा. दुधीवर चव बहुधा टिकते. लाल भोपळ्याच्या संकरित खुंटावर साल जाड, गर घट्ट होतो; पण दांडगी मुळं पाणी आणि नत्र जास्त ओढतात, वेल माजतो, फळ उशिरा पिकतं. नेहमीच्या दिवशी तोडलं की फिकं लागतं. यात खुंटापेक्षा घाईचाच दोष जास्त, असं मला वाटतं. शिवाय घट्ट गराच्या फोडी डिशमध्ये चटकन पाणी सोडत नाहीत.