पहिली गाडी : देशी की विदेशी?

पहिल्या गाडीचं बुकिंग करण्याआधी एवढं तपासून घ्या :

● मालक कोण? मारुती सुझुकीत जपानच्या सुझुकीचा वाटा निम्म्याहून जास्त आहे. उलट, ब्रिटनची जॅग्वार लँड रोव्हर २००८पासून टाटांच्या मालकीची आहे.

● बनते कुठे? टाटांचा कारखाना पिंपरीत, तर महिंद्रा आणि फोक्सवॅगन या दोघांचेही चाकणला. विदेशी नावाच्या गाडीवरही आपल्याच मुलामुलींचं पोट चालतं.

● सुरक्षा किती? डिसेंबर २०१८मध्ये टाटा नेक्सॉनने ग्लोबल एनकॅप चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळवले. भारतात बनलेली अशी ती पहिली गाडी. १ ऑक्टोबर २०२३पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणीही सुरू आहे. कंपनीचं नाव बघून भागत नाही. हव्या त्या मॉडेलचे तारे पाहा.

● कंपनी टिकेल का? जनरल मोटर्सने २०१७मध्ये भारतातली विक्री थांबवली. फोर्डने २०२१मध्ये इथलं उत्पादन गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. कर्जाचे हप्ते मात्र पाच-सात वर्षं चालतात. म्हणून सर्व्हिस सेंटर किती लांब आहे आणि बंपर किंवा हेडलाइट मिळायला किती दिवस लागतात, हे तीच गाडी वापरणाऱ्याला आधी विचारा.